लॉनच्या कामाला नवी गिऱ्हाइकं कशी मिळवायची?

हिरवी_पाती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच.

दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून लॉनच्या देखभालीचं काम सुरू केलं. मी आणि एक मदतनीस. गवत कापायला एक मोवर, कडा कापायला एक ट्रिमर, पाचोळा उडवायला एक ब्लोअर आणि सामान न्यायला जुनी छोटी गाडी. सध्या अकरा घरं नियमित आहेत. दीड वर्षात दोनच घरं सुटली, त्यातलं एक मालकांनी घर विकलं म्हणून. म्हणजे कामाबद्दल तक्रार नसावी. पण अकराच्या पुढे आकडा हलायला तयार नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. तीन वेगवेगळ्या भागांत मिळून सहाशे पत्रकं वाटली. तीन फोन आले, त्यातलं एक काम टिकलं. फेसबुकवर पान उघडलं, तिथे ओळखीचेच लोक येऊन छान छान म्हणून जातात. गाडीवर नाव आणि नंबर रंगवून घेतला.

दुसरी अडचण अशी की ही अकरा घरं चार दिशांना पांगली आहेत. परवा घड्याळ लावून मोजलं. सकाळी सातला निघालो, संध्याकाळी सहाला परत आलो, आणि प्रत्यक्ष गवतावर काम झालं जेमतेम पाच तास. बाकी सगळा वेळ रस्त्यात आणि सामान चढवण्या-उतरवण्यात गेला.

दर कमी करून पाहावेत का? की जाहिरातीवर खर्च करावा? या धंद्यात मुरलेल्यांनी मनापासून सल्ला द्यावा, ही विनंती.

---

जुनामाळी

बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. अकरा तासांतले सहा तास रस्त्यात जात असतील, तर आणखी अकरा गिऱ्हाइकं मिळाली तरी ती घ्यायला तुमच्याकडे दिवस कुठे आहे? तुम्हाला नुसतं नवं गिऱ्हाईक नकोय, जुन्याच्या शेजारचं गिऱ्हाईक हवंय. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या शोधायची रीतही वेगळी.

आज रात्री एक काम करा. नकाशा उघडा आणि अकराही घरांवर खुणा करा. कुठेतरी दोन-तीन खुणा जवळजवळ दिसतील. तोच तुमचा भाग. पुढचे सहा महिने पत्रकं, फोन, दारावर जाणं, सगळं तेवढ्याच गल्ल्यांत. सहाशे पत्रकं तीन भागांत एकदा वाटण्यापेक्षा दोनशे घरांत तीनदा वाटलेली बरी. पहिल्यांदा पत्रक कचऱ्यात जातं, दुसऱ्यांदा नाव ओळखीचं वाटतं, तिसऱ्यांदा ज्याला गरज आहे तो ठेवून घेतो.

आणि पत्रकापेक्षाही मोठी गोष्ट सांगतो. एका घरचं काम संपलं की मशिन बंद करा, कडा साफ करा, फुटपाथवर उडालेलं गवत झाडा आणि मग लगेच निघू नका. डावीकडची दोन घरं, उजवीकडची दोन आणि समोरची तीन, एवढ्या दारांवर जा. तुमच्या कामाचा नमुना त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. नुकत्या कापलेल्या गवताचा वास असतो. फरशी आणि गवत यांच्यामध्ये बोटभर रुंदीची सरळ रेघ कापलेली दिसत असते. एवढं बोलकं पत्रक कुठल्या छापखान्यात छापून मिळणार?

बोलायचं थोडक्यात. "नमस्कार, शेजारचं लॉन मी बघतो. दर मंगळवारी इथे असतोच. तुमच्याकडे कधी गरज पडली तर हा नंबर." बस्स. विकायचा आव आणू नका. "दर मंगळवारी इथे असतोच" हे वाक्य मात्र गाळू नका. माणूस नेमानं येतो, हेच लोकांना ऐकायचं असतं.

दर कमी करू नका. स्वस्त म्हणून आलेलं गिऱ्हाईक दुसरा स्वस्त मिळाला की जातं. शेजारच्या घराला थोडी सवलत द्यायला हरकत नाही, कारण तिथे तुमचा प्रवास खरोखरच वाचतो. तसं त्यांना स्पष्ट सांगाही.

---

अंगणवाली

मी या धंद्यातली नाही, गिऱ्हाईक आहे. पण ती बाजूही इथे यावी असं वाटलं.

आमच्याकडे आधी जे लॉन बघायचे, ते ठरल्या दिवशी यायचे नाहीत आणि येणार नसल्याचा फोनही करायचे नाहीत. दोनदा मागचं फाटक उघडं टाकून गेले, आणि आमचा कुत्रा बाहेर पळाला. गवत कसं कापलं याबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती, पण मनस्ताप फार झाला.

आता जे दादा येतात, ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी भाव सांगायच्या आधी काय केलं, ते मला अजून आठवतं. लॉनवर गुडघा टेकून बसले. गवताचं एक पातं खुडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "टोक बघा." टोक फाटलेलं होतं, पांढुरकं, सुतळीचं टोक उसवावं तसं. म्हणाले, "मशिनचं पातं बोथट आहे. गवत कापलं जात नाहीये, फाटतंय. म्हणून लांबून सगळं लॉन करपल्यासारखं दिसतं. पाणी कमी पडलेलं नाही." मी तोवर दोन महिने जास्तीचं पाणी घालत होते!

मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून जमिनीत खुपसला. दोन बोटं गेला आणि अडकला. माती घट्ट झालीय, भोकं पाडून मोकळी करावी लागेल, पण आज नको, गवत जोमात वाढायला लागलं की करू, असं सांगितलं. गवत बरंच वाढलेलं होतं, म्हणून मी म्हटलं एकदम बारीक कापा. त्यांनी नाही म्हटलं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर गवताला धक्का बसतो, दोन-तीन फेऱ्यांत खाली आणू म्हणाले.

नाही म्हणणारा माणूस मला तिथेच पटला. त्यानंतर माझ्या सांगण्यावरून आमच्या ओळीतल्या चार घरांनी त्यांना बोलावलं. त्यांनी मला कधी "सांगा हो कुणाला" असं म्हटलंही नव्हतं. म्हटलं असतं तर मी आणखी आधी सांगितलं असतं. तेव्हा विचारत जा. आम्हाला आवडतं सांगायला, फक्त लक्षात येत नाही.

---

जुनामाळी

ताई, तुमचा प्रतिसाद प्रत्येक लॉनवाल्यानं छापून गाडीत लावावा असा आहे.

पात्याबद्दल थोडी भर घालतो. फिरत्या दंडगोलावर पाती बसवलेल्या मशिनमध्ये गवत दोन पात्यांमध्ये सापडून कात्रीसारखं कापलं जातं. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी पहिल्या मोवरचं पेटंट घेतलं, ते असंच होतं. गिरणीत कापडावरची लव कापायचं यंत्र पाहून त्यांना ते सुचलं होतं. आपण बहुतेक जण वापरतो ती आडव्या फिरत्या पात्याची मशिनं. त्यात दुसरं पातं नसतं, वेगानं फिरणारं एकच पातं गवताला आडवं मारत जातं. म्हणून धारेवर सगळं अवलंबून. साधारण वीस-पंचवीस तासांच्या कामानंतर पातं काढून धार लावावी, आणि धार लावली की दोन्ही बाजूंचं वजन सारखं आहे का तेही पाहावं, नाहीतर मशिन थरथरतं. मी जादा पातं गाडीत ठेवतो. दगड लागला तर तिथल्या तिथे बदलता येतं.

गिऱ्हाइकं मिळवायच्या धाग्यात पात्याचं काय, असं नवख्या वाचकांना वाटेल. पण काम झाल्यावर दोन दिवसांनी शेजारी कुंपणावरून बघतो, तेव्हा त्याला टोकंच दिसतात. कापलेल्या दिवशी सगळीच लॉन चांगली दिसतात.

---

ओलमाती

मी ऑनलाइन बाजूचं लिहिते.

फेसबुकच्या पानावर फार वेळ घालवू नका. "माझ्या जवळ लॉन कापणारा" असं शोधणाऱ्याला आज काम करून हवं असतं, पान लाईक करणाऱ्याला बहुतेकदा नसतं. त्यामुळे आधी गूगलवर व्यवसायाचं प्रोफाइल तयार करा. ते फुकट असतं. घरूनच धंदा चालत असेल तर पत्ता न दाखवता फक्त सेवा देता तो भाग दाखवता येतो. त्यात तुमच्या त्या दोन-तीन गल्ल्यांचा परिसर नीट भरा. नाव आणि नंबर गाडीवर, पत्रकावर आणि प्रोफाइलवर अगदी एकसारखे हवेत.

अभिप्राय मागायची वेळ म्हणजे त्याच दिवशीची संध्याकाळ. गिऱ्हाईक घरी येतं, लॉन बघतं, खूश असतं. तेव्हा एक ओळीचा मेसेज आणि अभिप्रायाची लिंक पाठवा. आठवड्यानंतर कुणी लिहीत नाही. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत मात्र देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही तसे अभिप्राय ओळखू येतात. कुणी तक्रार लिहिली तर शांतपणे, काय चुकलं आणि काय दुरुस्त केलं, एवढंच उत्तर द्या.

फोटो आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एकाच जागी उभं राहून, एकाच उंचीवरून आणि शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी काढा. सकाळचा एक आणि भर दुपारचा एक असे जोडले तर फरक उन्हाचा आहे की कामाचा, ते कळत नाही. घरमालकांची परवानगी घ्या, घराचा नंबर आणि गाड्यांच्या पाट्या फोटोत येऊ देऊ नका.

---

हिरवी_पाती (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनामाळी दादा, नकाशा केला. अकरांपैकी तीन घरं एकाच गल्लीत आहेत आणि आणखी दोन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. इतके दिवस मी त्यांना वेगवेगळ्या वारी जात होतो!

दोन शंका. एक, दार वाजवायचा मला फार संकोच वाटतो. दोन, शेजारच्या लॉनमध्ये काही बिघाड दिसला तर तो बोलून दाखवावा का? घाबरवून काम मिळवलं असं व्हायला नको.

---

लव्हाळा

दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देतो, कारण माझं बरंचसं काम तिथूनच आलं आहे.

जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा, आणि शक्य असेल तर त्यांच्याच हातानं तपासायला लावा. लॉनमध्ये पिवळे-तपकिरी डाग आहेत समजा. डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून हलकेच ओढायचं. चटईचा कोपरा उचलावा तसं वर आलं, तर खाली हुमणीनं मुळं खाल्लेली असण्याची शक्यता मोठी. माती उकरली की इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतातच. गवत घट्ट असेल तर कारण दुसरं. मध्ये करपलेलं आणि भोवती गडद हिरवं कडं असेल तर बहुतेक कुत्र्याच्या लघवीचा डाग. त्याला औषध लागत नाही, त्या जागी लगेच भरपूर पाणी ओतलं तरी नुकसान कमी होतं. हे फुकट सांगून टाका. ज्याला औषध लागत नाही त्याला औषध लागत नाही असं सांगणारा माणूस पुढच्या वेळी "औषध लागेल" म्हणाला, तर लोक विश्वास ठेवतात.

माझ्या नावाचं तणही असंच. लव्हाळा गवतासारखाच दिसतो, पण दांडी बोटांत फिरवून पाहिली की तिच्या तीन कडा लागतात. नुसता उपटला तर खालच्या गाठी जमिनीतच राहतात आणि तो पुन्हा येतो. गिऱ्हाइकाला ती दांडी हातात फिरवायला दिली की समजवायला शब्द लागत नाहीत. इथे सावधगिरी एकच. पैसे घेऊन तणनाशक किंवा कीटकनाशक फवारायला अनेक देशांत परवाना लागतो. तो नसेल तर पत्रकावर "फवारणी करून मिळेल" असं छापू नका, परवाना असलेल्या माणसाशी ओळख ठेवा.

मी दहा मिनिटांची तपासणी विनामूल्य करतो आणि एका कागदावर तीन ओळी लिहून देतो. गवताची उंची किती आहे आणि किती हवी, माती कशी आहे, आधी काय करावं. बरेच जण तेव्हा हो म्हणत नाहीत. कागद मात्र घरात राहतो.

---

तिसरी_फेरी

मला दार वाजवण्याबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय. पुष्कळ वसाहतींत आता अनोळखी माणसाला आत सोडत नाहीत, आणि काही घरांवर "विक्रेत्यांनी येऊ नये" अशी पाटी असते. ती पाळलीच पाहिजे. तिथे दारावर जाण्यात वेळ घालवू नये.

माझा अनुभव असा की ज्यांचं गिऱ्हाईक तेच आहे पण काम वेगळं, अशा माणसांशी ओळख करावी. झाडांच्या फांद्या छाटणारे, पाण्याच्या नळ्या आणि स्प्रिंकलर बसवणारे, कुंपण रंगवणारे, घरांची खरेदी-विक्री करून देणारे. घर विकायला काढलं की पुढचं अंगण नीट दिसावं अशी घाई असते, आणि नवा मालक आला की त्यालाही कुणीतरी हवंच असतं. हिरवी_पाती, तुमचं एक घर विकलं गेल्यामुळे सुटलं म्हणता ना? त्या घराला आता नवा मालक आहे. त्याला भेटलात का?

शाळा, दवाखाने, वसाहतींच्या समित्या यांचं कामही मिळतं. पण त्यात सगळं लेखी हवं. महिन्यात किती फेऱ्या, गवताची उंची किती, कडा कुणी करायच्या, कापलेलं गवत कोण उचलणार, पैसे कोणत्या तारखेला. माझ्याकडे एकेकाळी निम्मं उत्पन्न एकाच मोठ्या आवारातून यायचं. पैसे चार-चार महिने अडकायचे, आणि समिती बदलली तेव्हा एका पत्रानं काम गेलं. त्या हंगामात मशिनची दुरुस्ती करायलाही हातात पैसे नव्हते. तेव्हापासून कुठल्याही एका गिऱ्हाइकाकडून पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त काम घेत नाही.

आणखी एक. दर विचारून गेलेले आणि न आलेले लोक, त्यांची वही ठेवता का? नसेल तर आजच सुरू करा. गवत जोर धरायला लागायच्या आधी दोन आठवडे त्या सगळ्यांना एक फोन. ज्यांनी स्वतः कापायचं ठरवलं होतं त्यातले बरेच तोवर कंटाळलेले असतात.

---

जुनामाळी

तिसरी_फेरी म्हणतात ते बरोबर आहे, पाटी असेल तिथे जाऊ नये. जिथे नाही तिथे मात्र मी अजूनही दारावरच जाईन.

संकोचाबद्दल. पहिल्या दाराआधी मलाही घाम फुटायचा. एक उपाय सांगतो. आधी मालकांनाच विचारा, "शेजारी कोण राहतं? त्यांना तुमचं नाव सांगितलं तर चालेल का?" त्यांनी हो म्हटलं की तुम्ही अनोळखी राहत नाही. आणि दार वाजवून दोन पावलं मागे उभं राहा. बूट झाडून, कानावरचे मफ काढून. समोरच्याला मोकळं वाटतं.

एक राहिलंच. सध्याच्या अकरा घरांत किती काम शिल्लक आहे ते मोजा. तळाशी मेलेल्या काड्या-मुळांचा थर एक-सव्वा सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर तो काढावा लागतो. विरळ जागी बी टाकायचं असतं, माती मोकळी करायची असते. नव्या गिऱ्हाइकाला तुमच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो, जुन्याचा तो बसलेला असतो.

---

हिरवी_पाती (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी लिहितोय. वाट पाहायला लावली, पण काहीतरी हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी वार बदलले. त्या पाच घरांना फोन करून मंगळवार मागितला. चौघांनी लगेच हो म्हटलं, एका आजींना गुरुवारच हवा होता, तो ठेवला. मग दर मंगळवारी काम संपल्यावर दारं. सात मंगळवारांत छत्तीस दारं झाली. निम्म्या ठिकाणी कुणी घरी नव्हतं, तिथे कागद ठेवला. सहा जणांनी लॉन बघायला आत बोलावलं, चार जणांनी काम दिलं. चारही त्याच दोन गल्ल्यांत आहेत.

अंगणवाली ताई, तुमचा स्क्रूड्रायव्हर मी उचलला. एका काकांच्या लॉनमध्ये स्वतः न खुपसता त्यांच्याच हातात दिला. त्यांनी अंगणात पाच-सहा ठिकाणी खुपसून पाहिला. मुलं खेळतात त्या पट्ट्यात तो जाईचना. त्यांनी तिथेच मला विचारलं, माती मोकळी करायचं काम कधी करता येईल?

तिसरी_फेरी, विकल्या गेलेल्या घरी गेलो. नव्या मालकीणबाईंनी दुसऱ्या कुणाला ठरवलं होतं. पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे वही केली आहे, त्यात त्यांचं नाव पहिलं आहे. सुटलेलं दुसरं घर मी अजून गाठलेलं नाही. तिथे माझीच चूक होती, सलग दोन फेऱ्या न कळवता चुकवल्या होत्या. ताईंचा प्रतिसाद वाचताना ते सारखं डोळ्यांसमोर येत होतं. या आठवड्यात जाऊन माफी मागणार आहे, काम मिळो न मिळो.

सगळ्यात लांबची दोन घरं त्या बाजूला काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे सोपवली. आधी मालकांना त्याच्याशी भेटवून दिलं, एक फेरी दोघांनी मिळून केली. त्यानं त्याचं या बाजूचं एक घर मला दिलं. म्हणजे अकरा वजा दोन, अधिक चार, अधिक एक. चौदा. काल पुन्हा घड्याळ लावलं होतं. सातला निघालो, साडेचारला घरी. गवतावर सात तास.

एक प्रश्न जुनामाळी दादांना. मंगळवारी आता सहा लॉन सलग होतात, आणि शेवटच्या लॉनवर टोकं फाटायला लागल्यासारखी दिसतात. दोन जादा पाती घेऊन दुपारी बदलू, की रोज रात्री धार लावत जाऊ?

---

जुनामाळी

दोन पाती घ्या आणि दुपारीच बदला. रात्री थकलेल्या हातानं धार लावू नका, कोन चुकतो. आणि पातं काढायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवायची, दर वेळी. शेवटच्या लॉनचा जवळून फोटो टाका, धारच गेलीय की गवत ओलं होतं ते बघून सांगतो.